स्किझोफ्रेनिया : आजार एकाला, लपवाछपवी अख्ख्या घराची

शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या लोक मोठ्यानं मागतात. ओलान्झापिन किंवा रिस्पेरिडोन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्या मागायची वेळ आली की चिठ्ठी घडी घालूनच पुढं सरकते, आणि तेवढ्यात दुकानात दुसरं कुणी शिरलं तर ‘आधी त्यांचं द्या’ म्हणून माणूस बाजूला होतो. कोल्हापुरात औषधाच्या दुकानात काउंटरमागे बसणाऱ्याला हे रोजचं आहे. एक बाई तर गोळ्या तिथंच पाकिटातून सोडवून कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरायच्या. घरात नवी सून आली होती आणि दिराला काय आजार आहे हे तिला सांगितलेलं नव्हतं. डबीवर नाव एकाचं आणि आत गोळ्या दुसऱ्याच, हे किती धोक्याचं आहे ते मी सांगायचो. त्या मान डोलवायच्या आणि झाकण लावायच्या.

स्किझोफ्रेनियाबद्दल लोकांच्या मनात जे काही आहे, त्याचं मूळ या लपवाछपवीत आहे, असं माझं मत झालं आहे. समाज अडाणी आहे, त्याला माहिती द्या, मग सगळं सुरळीत होईल, असं नेहमी बोललं जातं. तसं असतं तर शिकल्या-सवरलेल्या घरांनी तरी आजार उघडपणे सांगितला असता. माझा अनुभव उलटा आहे. घर जितकं नावाजलेलं, तितकी चोरी जास्त. कोल्हापूरचे लोक डॉक्टर गाठायला मिरजेला जातात, आणि मिरजेचे लोक त्याच कामासाठी कोल्हापुरात येतात.

आधी आजार काय आहे ते बघू. आसपास कुणी नसताना आवाज ऐकू येणं हे सगळ्यात ओळखीचं लक्षण. हे आवाज टोमणे मारतात, हुकूम सोडतात, माणूस आत्ता काय करतोय त्याचं धावतं वर्णन करतात. ऐकणाऱ्याला तो भास वाटत नाही, कारण आवाज ऐकताना मेंदूतले जे भाग काम करतात तेच तेव्हा खरोखर कामाला लागलेले असतात. त्यामुळं ‘असं काही नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य त्याच्या दृष्टीनं निव्वळ खोटं असतं. दुसरं लक्षण म्हणजे पक्का बसलेला संशय. शेजारी पाळत ठेवतात, जेवणात काहीतरी कालवलंय, टीव्हीवरचा माणूस माझ्याबद्दलच बोलतोय. पुरावे दाखवून हा संशय जात नाही. शिवाय काहींच्या बोलण्याचा धागाच तुटतो. एका वाक्याचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही.

असं का होतं याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडं अजून नाही, पण मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा त्यात मोठा हात आहे. आजूबाजूच्या हजार गोष्टींतली कुठली महत्त्वाची, हे ठरवण्याच्या कामात हे रसायन भाग घेतं. मंडईत शंभर आवाज चालू असतात, पण आपल्या नावाची हाक तेवढी आपल्या कानात शिरते. या आजारात प्रत्येक आवाज आपल्यालाच हाक मारतोय असं वाटायला लागतं. बहुतेक औषधं डोपामिनचा हा अतिरेक आवरतात.

या आजाराची आणखी एक बाजू आहे, आणि माझ्या मते घरं तिनंच जास्त मोडतात. माणूस थंडावतो. अंघोळ करावीशी वाटत नाही, मित्र नकोसे होतात, चेहऱ्यावर काही उमटत नाही, दिवसभर एका कोपऱ्यात बसून राहतो. आरडाओरडा करणारा आजारी आहे हे घरच्यांना कळतं. गप्प बसणाऱ्याला मात्र ‘ऐतखाऊ’ म्हणतात. ‘गोळ्या खाऊन सुस्त झालाय’ हेही ऐकू येतं आणि काही वेळा ते खरं असतं, कारण काही औषधांनी झोप येते. पण आस्थाच संपून जाणं हे बऱ्याचदा आजाराचंच लक्षण असतं, आणि दुर्दैवानं त्यावर आजची औषधं फारशी चालत नाहीत.

उलट बाजूही आहे. हात थरथरणं, ताठ चालणं, लाळ गळणं, सहा महिन्यांत सुटलेलं पोट, हे पाहून लोक ‘बघा, वेड वाढलं’ म्हणतात; ते आजाराचं नसतं, औषधाचं असतं. जुन्या हॅलोपेरिडोलनं अंग ताठ होतं, ओलान्झापिननं भूक आणि वजन वाढतं, क्लोझापिननं लाळ येते आणि त्याबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी करावी लागते. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं. न सांगता गोळ्या बंद करणं महागात पडतं. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात औषधांच्या ६५ चाचण्या एकत्र करून केलेला हिशेब आला होता. आजार काबूत आलेल्या रुग्णांपैकी औषध चालू ठेवलेल्यांत वर्षभरात शंभरातल्या २७ जणांचा आजार उलटला, बंद केलेल्यांत ६४ जणांचा. आणि ‘सवय लागते’ ही जी भीती आहे, ती या गोळ्यांच्या बाबतीत चुकीची आहे. नशेची सवय लागावी असं त्यांच्यात काही नाही.

आता आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे, म्हणजे साधारण ३०० माणसांमागे एकाला. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांवर होती. ढोबळ हिशेब केला तरी जिल्ह्यात बारा-तेरा हजार माणसं होतात. एखादं छोटं शहरच म्हणा ना. मग ही माणसं दिसतात कुठं?

दिसतात ती एसटी स्टँडच्या कोपऱ्यात, केसांच्या जटा झालेली, स्वतःशी बोलणारी. नाहीतर बातमीत दिसतात: ‘मनोरुग्णाचा हल्ला’. म्हणजे ज्यांच्यावर उपचार झाले नाहीत, ज्यांना घर राहिलं नाही, तेवढेच आपल्या नजरेस पडतात. जो औषध घेऊन गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळीला जातो, जी बाई दोन पोरांचे डबे भरून शिवणकाम करते, त्यांचा आजार कुणाला माहीतच नसतो, कारण तो माहीत होऊ नये याची सगळ्या घरानं काळजी घेतलेली असते. चांगली उदाहरणं घरात कोंडलेली आणि वाईट तेवढी रस्त्यावर, मग लोकांचं मत दुसरं काय होणार? ते मत ऐकून पुढचं घर आजार आणखी घट्ट झाकतं.

धोक्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण ‘अजिबात धोका नसतो’ म्हणून सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसं कुणावर हात उगारत नाहीत. हिंसेचं प्रमाण बाकीच्या लोकांपेक्षा काहीसं जास्त सापडतं हे खरं, पण तो वाढावा मुख्यतः उपचार न मिळालेल्यांत आणि दारू-गांजा करणाऱ्यांत दिसतो. आणि ही माणसं मार देणाऱ्यांपेक्षा मार खाणाऱ्यांत जास्त असतात. खरा मोठा धोका त्यांच्या स्वतःच्या जिवाला असतो. साधारण शंभरातले पाच जण आत्महत्येनं जातात, आणि बाकीचेही हृदयविकार-मधुमेहासारख्या आजारांनी लवकर जातात. छातीत दुखतंय असं मनोरुग्णानं सांगितलं तर त्याच्याकडं कोण लक्ष देतं?

‘बाहेरचं झालंय’ हे निदान आपल्याकडं अजून पहिल्या नंबरवर आहे. देवरशी, उतारा, अंगारा, अमावास्या-पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीची नाहीतर गाणगापूरची वारी. याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळं होता येत नाही. घरच्यांच्या बाजूनं विचार केला तर त्यात हिशेब आहे. करणी म्हटलं की दोष करणाऱ्याचा. ‘खानदानात वेड आहे’ हा शिक्का बसत नाही आणि धाकटीची सोयरीक मोडत नाही. देवरशी केसपेपर काढत नाही. शिवाय तो घरी येतो, तासभर बसतो, ऐकून घेतो. ओपीडीत डॉक्टरांना तेवढा वेळ मिळत नाही. हे सगळं मला कळतं. पण आजार सुरू झाल्यापासून पहिलं औषध पोटात जाईपर्यंत जितका काळ जातो, तितकं माणसाला सावरणं अवघड होत जातं. तो काळच या वाटेवर खर्च होतो. देवाला जायचं असेल तर जावं, गोळी घेऊन जावं.

मारहाण आणि साखळदंड मात्र श्रद्धेत बसत नाहीत. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, दोरीनं-साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळीनं जखडलेली २८ माणसं पळताच न आल्यानं जळून मेली. तिथल्या दर्ग्यात गुण येईल म्हणून घरच्यांनी त्यांना तिथं आणून ठेवलं होतं.

लग्नाचा विषय आला की आपल्या भागात सगळी शहाणी माणसं एकदम वेडी होतात. हा आजार पुरुषांत बहुधा अठरा ते पंचविशीत आणि बायकांत थोडा उशिरा, पंचविशीच्या मागं-पुढं सुरू होतो. म्हणजे नेमका स्थळं बघायच्या वयात. मग मावशी-काका ठरवतात: ‘लगीन करून द्या, ताळ्यावर येईल.’ समोरच्यांना सांगायचं नाही, लग्नाच्या धामधुमीत गोळ्या बंद करायच्या, हळदीपासून जागरणं करवायची. आजार वर यायला लागणारं सगळं साहित्य आपणच गोळा करतो. दोन महिन्यांत मुलगी माहेरी येते आणि ‘फसवलं’ म्हणून कोर्टात जाते. इथं फसवणूक आजारानं केलेली नसते.

कायद्यात काय आहे? हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत स्किझोफ्रेनियाचं नाव घेऊन उल्लेख आहे, आणि वकिलाकडं गेलेलं माणूस तेवढंच ऐकून येतं. पण १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं रामनारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट केलं की नुसतं निदान पुरेसं नाही; जोडीदारानं एकत्र राहावं अशी रास्त अपेक्षा करता येऊ नये इतका आजार तीव्र आहे, हे दाखवावं लागतं. आनुवंशिकतेचंही तसंच. आई किंवा वडिलांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहा टक्के, म्हणजे दहातली नऊ मुलं सुटतात. एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला असेल तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच असते. रक्त तेच असूनही! आणि बहुतेक रुग्णांच्या आई-वडील-भावंडांत कुणालाच हा आजार नसतो. औषध चालू ठेवून, समोरच्याला सांगून केलेली लग्नं टिकलेली मी पाहिली आहेत. कमी पाहिली, कारण सांगणारेच कमी.

आईच्या वागण्यामुळं पोराला हा आजार होतो, ही समजूत मात्र खेड्यातून आलेली नाही. ती विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या बड्या डॉक्टरांनी पसरवली आणि पुराव्याअभावी मागं पडली. आपल्याकडं शिकलेल्या नातेवाइकांच्या तोंडी ती अजून आहे.

आता जे वाचून मी स्वतः बुचकळ्यात पडलो ते सांगतो. ‘हा मेंदूचा आजार आहे, दैवाचा नाही’ हे पटवलं की लोक मायेनं वागतील असं मला वाटायचं. अमेरिकेत १९९६ आणि २००६ साली लोकांची मतं विचारली गेली. दहा वर्षांत मेंदूतली रसायनं, आनुवंशिकता ही कारणं मानणारे बरेच वाढले, डॉक्टरकडं जा म्हणणारेही वाढले. पण अशा माणसाच्या शेजारी राहाल का, त्याच्याबरोबर काम कराल का, या उत्तरांत सुधारणा झाली नाही. २०१८ पर्यंतच्या पाहणीत नैराश्याबद्दलची अढी कमी झालेली दिसली, स्किझोफ्रेनियाला लोक पूर्वीपेक्षा जास्त धोकादायक मानत होते. विचार केला तर ते उमगतं. मेंदूतच बिघाड म्हटला की ऐकणाऱ्याच्या मनात येतं, मग हा कधीच बरा होणार नाही, आणि कधी काय करेल याचा नेम नाही. माहितीनं दवाखान्याची वाट दाखवली, पण चहाला कुणी बोलावलं नाही. खरं तर किमान तीनातला एक रुग्ण पूर्ण बरा होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि उरलेल्यांतले बरेच जण औषधावर आपलं आपलं जगू शकतात. हे वाक्य पोस्टरवर क्वचित दिसतं.

मोठ्या माणसांच्या मनातली अढी कमी व्हायला भाषणांपेक्षा प्रत्यक्ष ओळख जास्त उपयोगी पडते, असं अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. ओळख बरोबरीची हवी. फळवाटपाला जाऊन फोटो काढण्यानं ती होत नाही. कोल्हापूरला हे वेगळं शिकवायची गरज पडू नये. अस्पृश्यतेवर राजर्षी शाहू महाराजांनी नुसते हुकूम काढले नाहीत, गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि तिथं स्वतः जाऊन चहा घेतला. महाराज पितात म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींनाही प्यावा लागला.

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचे मालक माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडं लेथवर काम करणाऱ्या पोराला हा आजार झाला. त्यांनी कामावरून काढलं नाही. औषधानं सकाळी डोळे जड असायचे म्हणून सुरुवातीला मशिनवर न ठेवता माप घ्यायचं व्हर्नियर हातात देऊन तयार भाग तपासायला बसवलं. झापड कमी झाल्यावर परत लेथवर घेतलं. नाइट शिफ्ट देत नाहीत, कारण झोप मोडली की आजार डोकं वर काढतो, हे त्यांना एव्हाना पाठ झालंय. बाकीच्या कामगारांनी कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, ‘पिऊन येणारे तुमाला चालत्यात, मग ह्यो गोळी खाऊन येतोय तर काय बिघडलं?’ मला वाटतं त्या वर्कशॉपमधल्या लोकांना स्किझोफ्रेनियाबद्दल माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त कळतं.

पण अशी संधी मिळायच्या आधीच माणूस स्वतः माघार घेतो. २००९ साली २७ देशांतल्या ७३२ रुग्णांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६४ टक्क्यांनी नोकरी-शिक्षणासाठी अर्जच करायचं सोडलं होतं, आणि ७२ टक्क्यांना आजार लपवावासा वाटत होता. नोकरी शोधताना किंवा टिकवताना खरोखर वाईट अनुभव आल्याचं सांगणारे मात्र तीस टक्क्यांच्याही आत होते. भीती अनुभवाच्या पुढं धावत होती. आपल्या शेजारच्या साताऱ्यासह गोवा आणि तमिळनाडूत झालेल्या अभ्यासातही तेच आढळलं: उघड भेदभाव झाल्याचं सांगणारे निम्म्याहून कमी, आणि आतल्या आत कुढणारे, आपण वेगळे पडलो असं मानणारे कितीतरी जास्त.

घरच्यांचं वागणं औषधाइतकंच मोजायचं. सतत टीका, टोचून बोलणं चालणाऱ्या घरात आजार जास्त वेळा उलटतो, हे लंडनमध्ये आधी दिसलं. नंतर चंदीगडला तोच अभ्यास झाला तेव्हा भारतीय घरांत टीका बरीच कमी आढळली. म्हणजे आपली भरलेली घरं हे एक मोठं बळ आहे. फक्त ‘बसून खातोय’ हा पाढा रोज म्हणू नये. आवाज ऐकू येतात म्हणाला तर वादही घालू नये आणि हो ला हो सुद्धा करू नये. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय’ एवढं पुरतं. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून उभी केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी हेच काम करते.

दवाखान्याच्या भीतीबद्दल थोडं. ‘रत्नागिरीला टाकला’ म्हणजे माणूस संपला, असं कोल्हापुरात धरलं जातं. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्या भागाला जवळचं, म्हणून हा वाक्प्रचार. पण बहुतेकांना भरती व्हावंच लागत नाही. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीनं बांधणं आणि भूल न देता शॉक देणं दोन्हीवर बंदी आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला पोलिसांनी लॉकअपमध्ये न ठेवता सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. शारीरिक आजारांना जसा विमा मिळतो तसाच मानसिक आजारांनाही द्यायचा, हेही त्याच कायद्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा जास्त अक्षमता असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याच्या सवलती मिळतात. सरकारी कागदावर नाव नको म्हणून कितीतरी घरं ते काढतच नाहीत.

कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा फोन आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा डॉक्टरकडं जाताना एका कागदावर लिहून न्यावं: झोप कधीपासून बिघडली, आवाज किंवा संशय कधी सुरू झाला, गांजा-दारू आहे का, घरात आधी कुणाला झालं होतं का, आतापर्यंत कुठल्या गोळ्या झाल्या. देवरशानं काही काढा किंवा पूड दिली असेल तर तीही पुडीसकट न्यावी. डॉक्टर रागावतील म्हणून लोक नेमकं तेच घरी ठेवून येतात, आणि मग नव्या गोळीबरोबर ते पोटात जाऊन काय होतंय ते कुणालाच कळत नाही.